चार सूत

दस्तगीरचाचाच्या पेटीत मिलीमीटर नव्हता.
अडीच सूत, साडेतीन सूत, चार सूत,
पाने असेच मागायचा तो,
आणि पहिल्या दिवशी मी, बारा वर्षांचा,
गॅरेजभर रीळ शोधत फिरलो.
आमच्या घरात सूत म्हणजे सूतच. अम्मा कांड्या भरायची.
चाचा हसून हसून जॅकवर बसला.
"पद्मशाल्याचं पोर बे तू!
इंचाचे आठ भाग कर. त्यातला एक, ते सूत."

तेराचा पाना चार सुताच्या नटाला बसतो,
असं वाटतं.
जरा जोर लावला की कळतं, मध्ये केसाएवढी हवा आहे,
आणि तेवढ्यात नटाचे कोपरे गेलेले असतात.

आता गॅरेज माझं, अक्कलकोट रोडला.
नंदर्गींची प्लिमथ आली ती ट्रॉलीवरून,
एक्कावन्नचं मॉडेल,
जिनिंगच्या शेडमध्ये एकवीस वर्षं उभी.
डिकीत सरकी. एअर क्लीनरमध्ये
सीटच्या कापसाचं उंदरांनी केलेलं बाळंतपण.
मागून पुण्याचा नातू, हातात यादी:
एसी, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, रंग लाल.
मी बिजागरीखाली नखाने खरवडलं.
लाल नव्हती ती कधीच.
कोवळ्या चिंचेच्या टरफलासारखा काहीतरी रंग,
त्याला नाव मला अजून सापडलेलं नाही.

ब्रेकला हो म्हणालो.
उसाच्या ट्रॅक्टरला एक्कावन्न साल कळत नाही.
एसीला नाही म्हणालो. तो तासभर रुसला,
मग भुईमुगाच्या चटणीशी कडक भाकरी खाताना
म्हणाला, बरं, पण सीट तरी चांगल्या करा.

मागच्या सीटच्या पायपिंगखाली,
जिथे सत्तर वर्षांत ऊन पोचलं नव्हतं,
तळहाताएवढं मूळ कापड होतं.
ते घेऊन नरसम्मा म्याकलकडे गेलो.
तिने भिंग ठेवलं, सुईच्या टोकाने एकेक धागा मोजला,
ओठ हलत होते, तेलुगूत.
"कुठलं कापड हे?"
"गाडी डेट्रॉइटची."
"ते कुठं आलं?"
"कारखान्यांचं गाव. बरेच बंद पडले."
"मग इथलंच की," ती म्हणाली,
आणि टॉवेलचा माग सोडून आतल्या जुन्या मागावर
वीज येईल तशी, नऊ रात्री,
साडेअकरा मीटर विणून दिलं.
पैसे घेतले, पण तो तुकडा परत दिला नाही.

सहा व्होल्टची गाडी मी बारावर आणली.
जुन्यात प्लस बॉडीला होतं, ते फिरवलं.
पहिल्या फेरीला चाचाला शेजारी बसवलं.
मोतीबिंदू पिकलाय, आकार तेवढे दिसतात.
इंजिन लागलं तेव्हा तो काही बोलला नाही,
फक्त सीटवर हात फिरवत राहिला,
उलटा, सुलटा, परत उलटा.
"सूत बराबर आहे," म्हणाला.
कुठलं सूत, मी विचारलं नाही.

होटगी नाक्यावर गाडी थांबली.
त्रेचाळीस डिग्री, पेट्रोलची पाइपातच वाफ झालेली.
चाचाने न विचारता खांद्यावरचा टॉवेल दिला,
भिजवून पंपावर टाक म्हणाला,
आणि आम्ही दोघं बॉनेटखालच्या सावलीत
गाडीला ताप उतरायची वाट बघत उभे राहिलो,
ओसरीत आजाऱ्यापाशी उभं राहावं तसे.

एक गोष्ट नातवाला सांगितली नाही.
बॅटरी फिरवली, पण अँमीटरच्या दोन वायरी
अदलाबदल करायच्या राहिल्या.
त्यामुळे बॅटरी भरत असते
तेव्हा काटा म्हणतो, रिकामी होतेय.
दहा मिनिटांचं काम आहे. चार सुताचा पाना लागेल.
उद्या करतो, असं म्हणतोय मी
तीन महिने.